उन्हाळी सुट्टीत वावरात रोडगे: दोघींनी १५ जणांची पंगत कशी निभवावी?

सांभारवडी
मे महिन्याचा शेवटचा आठवडा, नागपूरजवळच्या कळमेश्वरकडचं वावर. विहिरीला पाणी आहे, आंब्याची सावली आहे. जेवायला १० मोठे आणि ५ मुलं, रांधणाऱ्या आम्ही दोघी मैत्रिणी. ठरवलेलं जेवण: गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्या-आलूची रस्सा भाजी, वरण, भात, ठेचा, पन्हं, आमरस, आणि जमला तर गोळाभात. कणीक किती लागेल, गोवऱ्या किती, घरून काय करून न्यायचं आणि दोघींत कामं कशी वाटायची, ते सांगा. गॅसवरचा स्वयंपाक रोजचा आहे, आराचा (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा) अंदाज मात्र अजिबात नाही.

तुऱ्हाटी
ताई, आधी यादी कापा. गोळाभात काढा, तो स्वतःच एक अख्खं जेवण आहे. आमरसही काढा. रोडग्यावर तूप, त्यावर वरण, पोट तिथेच भरतं, आणि मे महिन्यात रस बर्फावर ठेवायचा वेगळाच ताप होतो. भात फक्त मुलांपुरता, अर्धा किलो तांदूळ पुरे. रोडगे, भाजी, वरण, ठेचा आणि पन्हं एवढंच ठेवलंत तर दोघींना झेपतं. आराजवळचं माणूस तिथून हलू शकत नाही, हे धरून बाकीची कामं मोजा.

मोठ्यांना २, मुलांना १ असे २५ रोडगे, वर ५ जास्तीचे. म्हणजे ३०.

गंजभर वरण
३० रोडग्यांचं माप देते.

जाडसर कणीक अडीच किलो, मोहनाचं तेल ३०० मिली, मीठ ५ लहान चमचे सपाट, ओवा २ चमचे हातावर चोळून, पाणी साधारण १,१५० मिली. थरांना लावायला आणखी १५० मिली तेल. वरून घालायला तूप अर्धा ते पाऊण किलो, त्यात हात आखडू नका.

दळण चक्कीवर सांगून आणा, "रोडग्याचं" म्हटलं की चक्कीवाल्याला समजतं. चिमटीत चोळलं तर रवा लागला पाहिजे. गव्हात किलोमागे मूठभर मका टाकला तर कवच खुसखुशीत होतं. पोळ्यांची बारीक कणीक वापरली तर आतून चिकट गोळा राहतो आणि कितीही भाजलं तरी कच्चा लागतो. घरी बारीकच कणीक असेल तर २ किलोत अर्धा किलो जाड रवा मिसळा.

मोहन कणकेला दोन्ही हातांनी चोळायचं. मूठ आवळल्यावर मुटका वळला आणि बोट लावताच फुटला की मोहन बरोबर. मुटका वळतच नसेल तर आणखी थोडं तेल. मोहन कमी पडलं की रोडगे थंड झाल्यावर दगड होतात, आणि जास्त झालं तर आरावर ठेवताच थर सुटून पसरतात.

पाणी एकदम ओतू नका. आधी १ लिटर, मग हाताने अंदाज घेत बाकीचं. जाडसर कणीक पाणी हळूहळू पिते, म्हणून भिजवताना किंचित सैल वाटली तरी अर्ध्या तासात घट्ट होते. अडीच किलो एकदम मळणं जड जातं, दोन परातींत वाटून घ्या.

निखारा
वळण्याचं राहिलं. एका रोडग्याला १३० ग्रॅम भिजवलेली कणीक धरा: २५ ग्रॅमच्या तीन लहान पुऱ्या आणि ५५ ग्रॅमची एक मोठी पारी. तिन्ही पुऱ्यांना दोन्ही बाजूंनी तेल लावून एकावर एक ठेवा, मधे चिमूटभर कोरडी कणीक भुरभुरा, मग मोठ्या पारीत बांधून तोंड पाण्याच्या बोटाने बंद करा आणि तळहातावर किंचित चपटा करा. जाडी दोन बोटं, अडीच फार तर. मधलं तेल आणि कोरडी कणीक थर चिकटू देत नाहीत, वाफ त्यांच्यामधून फिरते आणि आत शिजतं. म्हणूनच यात सोडा लागत नाही. नुसता भरीव गोळा कराल तर बाहेर काळा होईपर्यंतही मध्य कच्चाच राहील.

लहान पुऱ्या लाटायचं काम मुलांना द्या. वाकड्या झाल्या तरी आत जायच्या आहेत.

इतवारीकर
आमच्या गावाकडे यालाच पानगे म्हणतात.

धुऱ्यावरचा
@इतवारीकर भाऊ, गावागणिक नावं बदलतात. आमच्याकडे चपटा करून पळसाच्या पानांत ठेवून भाजतात तो पानगा, थराचा गोल तो रोडगा. मे महिन्यात पळसाला नवी पानं असतात. ताईंना राखेची भीती वाटत असेल तर वरखाली एकेक पान ठेवून भाजायला हरकत नाही. राख लागत नाही, पानाचा वासही छान येतो, फक्त कवच तेवढं कडक होत नाही.

आता आराबद्दल. हे नीट वाचा, कारण रोडगे बिघडतात ते नव्वद टक्के इथेच.

गोवऱ्या ५० घ्या, हातावर थापलेल्या, पाव किलोच्या आसपासच्या. १० वेगळ्या ठेवा. एकेक मोडून पाहा: कडकन तुटली तर वाळलेली, वाकली किंवा आत हिरवट ओल दिसली तर बाजूला काढा. ओली गोवरी धुपत राहते आणि तो धूर कणकेत शिरतो. रोडगा कडवट लागला तर दोष मसाल्याचा नाही, धुराचा असतो.

जागा ४ फूट लांब, ३ फूट रुंद, चार बोटं खोल खणा. गोवऱ्या आडव्या पसरू नका. एकमेकींना टेकवून उभ्या रचा, मधे दोन बोटांची फट, खाली वाळक्या तुऱ्हाट्या (तुरीच्या काड्या). वाऱ्याच्या बाजूने पेटवा. रॉकेल, पेट्रोल काहीही नको, त्याचा वास शेवटपर्यंत जात नाही. कापराच्या दोन वड्या पुरतात.

पेटल्यापासून आर पडेपर्यंत ४० ते ४५ मिनिटं. घड्याळ पाहून रोडगे टाकू नका. ज्वाळा पूर्ण बसल्या, धूर थांबला, गोवऱ्या आतून लाल आणि वरून पांढुरक्या राखेने झाकल्या की आर तयार. तळहात वीतभर वर धरून ३ ते ४ सेकंद टिकला तर उष्णता बरोबर. लगेच ओढावा लागला तर पाच मिनिटं थांबा.

मग काठीने गोवऱ्या मोडून आर सपाट करा आणि रोडगे वर मांडा. पहिली १० मिनिटं उघड्यावरच, दर दोन-तीन मिनिटांनी चिमट्याने फिरवत. सगळीकडून बदामी डाग पडून कवच धरलं की आर बाजूला ओढा, खालच्या फुफाट्यात (गरम राखेत) रोडगे ठेवा, वरून फुफाटा आणि त्यावर थोडा आर. असे २५ ते ३० मिनिटं. या वेळात मधे उकरू नका, उकरलं की उष्णता निघून जाते. कवच धरायच्या आधी फुफाट्यात पुरले तर राख कणकेत रुतते आणि मग झटकून निघत नाही.

झाला की नाही ते कसं ओळखायचं? एक काढून फडक्यात धरा आणि दाबा. तडकून भेग पडली आणि भेगेतून कोरडी वाफ आली तर झाला. दाबल्यावर नुसताच दबला तर आणखी ७-८ मिनिटं.

सांभारवडी
धुऱ्यावरचा, हे जपून ठेवते आहे. दोन शंका. कपाशीच्या पऱ्हाट्या भरपूर पडल्या आहेत, त्या वापरू का? आणि ३० रोडगे एकाच वेळी मावतील का?

धुऱ्यावरचा
मावतात. ४ बाय ३ फुटांत ६ रांगा, रांगेत ५, मधे बोटभर अंतर. कडेचे हळू भाजतात, म्हणून फिरवताना कडेचे मधे आणि मधले कडेला.

पऱ्हाट्या रोडग्यांखाली नकोत. कपाशीवर हंगामभर फवारण्या होतात. बाजूच्या चुलीवर गंजाखाली (भाजीच्या पातेल्याखाली) बाभळीचं लाकूड घ्या, त्याचा आर टिकतो.

कळमना पहाटे
भाजीचं मी सांगते. काटेरी लहान वांगी अडीच किलो, आलू १ किलो, कांदे पाऊण किलो, भेदरं (टमाटे) पाऊण किलो, लसूण १०० ग्रॅम, आलं ५० ग्रॅम, तेल ३५० मिली.

मे महिन्यात वांगी बघूनच घ्या. उन्हाने बिया धरतात आणि कडवट होतात. हातात आकाराच्या मानाने हलकं लागलं, देठ हिरवा असला तर घ्या. जड वांगं बियांचं. मोठी हिरवी वांगी आणून भरीत करायचा मोह होईल, पण ते थंडीतलं काम, या दिवसांत त्याला ती चव नाही. आदल्या दिवशी पहाटे नागपुरात कळमन्याच्या किंवा कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात जा. दुपारपर्यंत भाजी उन्हाने मलूल पडते.

वाटण घरून करून न्या: सुकं खोबरं १५० ग्रॅम, शेंगदाणे १५० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, धने ४ चमचे, खसखस २, जिरं २, काळे मिरे १, लवंगा ८, कलमीचे (दालचिनीचे) दोन तुकडे, मसाला वेलची २, दगडफूल चिमूटभर. सगळं वेगवेगळं भाजायचं. खोबरं आणि खसखस एकत्र टाकली तर खोबरं लाल होईस्तोवर खसखस जळून जाते. कांदा अख्खाच आचेवर भाजून, वरचं काळं साल काढून यात वाटा. कोरडं वाटलंत तर डब्यात दिवसभर टिकतं. कांदा घातलेलं वाटण बर्फाच्या डब्यात न्या.

तिखट भिवापुरी मिरचीचं ३ चमचे, रंगासाठी आणि चवीसाठी. मुलं आहेत म्हणून तीनच, मोठ्यांना ठेचा आहेच.

क्रम असा: तेलात आलं-लसूण, मग वाटण, तेल सुटेपर्यंत १२ ते १५ मिनिटं मंद आचेवर. मग तिखट, हळद आणि लगेच अर्धी वाटी पाणी, नाहीतर तिखट करपून रंग काळा पडतो. मग आलू आणि ३ लिटर उकळतं पाणी. आलू अर्धे शिजले की वांगी, आणि भेदरं सगळ्यात शेवटी. आंबट आधी गेलं की आलू किती वेळ उकळले तरी टणकच राहतात. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही आणि बिचाऱ्या आलूलाच जुना ठरवतात.

वांगी देठासकट ठेवून चार चिरा द्या. मिठाच्या पाण्यात १५ मिनिटं, जास्त नाही. रश्श्यात टाकल्यावर झाकण ठेवा आणि डाव फिरवू नका, गंज कडेने धरून हलवा. डावाने ढवळलं की देठ उरतात आणि बाकी लगदा. वरून भरपूर सांभार (कोथिंबीर). गंज पितळेचा असेल तर कल्हई नीट आहे ना ते पाहा. भेदरं आणि पन्ह्याची कैरी दोन्ही आंबट, कल्हई उडालेल्या पितळेत चालत नाहीत.

गंजभर वरण
वरणासाठी तूर डाळ १ किलो. डाळ घरीच कुकरमध्ये शिजवा, वावरातल्या विहिरीच्या पाण्यावर सोडू नका. जड पाण्यात डाळ फुटत नाही, तास-दीड तास उकळूनही दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. पण दुपारी शिजवून कोमट डब्यात भरून नेलीत तर ४३-४४ अंशांत संध्याकाळी आंबूस वास येईल. ४ वाजता कुकर उतरवा, वाफाळती डाळ गरम डब्यात भरा, पोहोचल्यावर एक कडक उकळी. फोडणी तिथेच: तेल ४ चमचे, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेल्या लसणाच्या १५ पाकळ्या, लाल मिरच्या, आणि लिंबाएवढा गूळ. रोडग्यावर घ्यायचं वरण भातावरच्यापेक्षा पातळ हवं, थर ते पिऊन घेतात.

माठ
पन्हं: २ किलो कैऱ्या सकाळीच उकडून गर काढा, साधारण १ किलोवर निघतो. तेवढाच गूळ, कैरी फार आंबट असेल तर सव्वापट. मीठ ३ चमचे, वेलची १ चमचा. हा घट्ट गर न्या आणि तिथे माठातल्या पाण्यात १ ला ४ मिसळा. पोहोचताच सगळ्यांना एकेक पेला द्या, रोडगे होईपर्यंत थांबू नका. पिण्याचं पाणी वेगळं, २० लिटरचे २ कॅन. संत्री न्यायचा विचार असेल तर राहू द्या, मृग बहाराची (पावसाळी फुलोऱ्याची) फळं फेब्रुवारी-मार्चमध्येच संपतात.

निखारा
कामाची वाटणी वेळेनुसार अशी बसते.

पाऊण वाजल्यापासून चार वाजेपर्यंत घरातली कामं, उन्हात काही नाही. पाचला वावरात. एक जण कणीक भिजवते, दुसरी जागा साफ करून गोवऱ्या रचते आणि चुलीवर भाजीचा गंज चढवते. साडेपाचला गोवऱ्या पेटवायच्या. पेटवून झालं की तिने आर आणि चूल दोन्ही सांभाळायचं, म्हणून चूल आरापासून चार-पाच पावलांवरच मांडा. पहिली रोडगे वळते, एकाला दीड मिनिट धरलं तर ३० ला पाऊण तास. सव्वासहाला आर तयार, रोडगेही तयार. सातला काढायचे. सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, तेव्हा दिवे आधीच लावून ठेवा. फुफाट्यातले रोडगे अंधारात शोधताना हात भाजतात.

आणखी एक. राखेचा हात कणकेला लागू देऊ नका, आरावरचीने परातीजवळ जायचंच नाही.

सांभारवडी
वळून ठेवलेले रोडगे तोपर्यंत झाकू की उघडे ठेवू? कोणी म्हणतं किंचित सुकले की राख लागत नाही.

गंजभर वरण
बरोबर आहे ते, पण थंडीतलं. मे महिन्यातल्या झळांमध्ये दहा मिनिटांत वरचं साल पापडासारखं वाळतं आणि आरावर गेलं की तडकतं. मग भेगेतून राख थेट थरात. ओलं फडकं घट्ट पिळून झाका. आरावर ठेवायच्या आधी फक्त ४-५ मिनिटं उघडा. बोट लावल्यावर चिकटत नाही पण दाबलं तर दबतं, असं साल हवं. एखाद्याला भेग दिसलीच तर ओल्या बोटाने पुसून बंद करा.

इतवारीकर
वावर नाही, फ्लॅट आहे. गच्चीवर चालेल?

धुऱ्यावरचा
गच्चीवर थेट नको, फरशी तडकते आणि खालचं वॉटरप्रूफिंग जातं. विटांवर लोखंडी पत्रा, त्यावर चार बोटं रेती, मग १५ गोवऱ्यांत ८-९ रोडगे होतात. शेजाऱ्यांना धुराचं आधी सांगा. नाहीतर ओव्हनमध्ये २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, अर्ध्यावर एकदा उलटून. गोवरीचा वास येणार नाही, थर मात्र सुटतात.

आणि वावरातसुद्धा हे पाहाच. आराभोवती १० फूट काडीकचरा झाडून जमीन उघडी करा. कुटाराचा (भुश्याचा) ढीग आणि धुऱ्यावरचं (बांधावरचं) वाळकं गवत वाऱ्याच्या दिशेला नको. २ बादल्या पाणी आणि एक ओलं पोतं हाताशी. या दिवसांत संध्याकाळी अचानक वावधान (वादळी वारं) सुटतं. तसं सुटलं तर पेटवूच नका, पेटलेलं असेल तर आर मातीने दाबा आणि रोडगे चुलीवर तव्यात झाकण ठेवून करा. जंगलाच्या कडेला, गोरेवाड्याच्या बाजूला वगैरे, विस्तवच नको. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम, आणि राखीव जंगलात विस्तव करणं गुन्हा आहे.

मुलांना चपला घालायला लावा. फुफाटा वरून थंड दिसतो, पाय पडला की कळतं. भाजलंच तर त्या जागी २० मिनिटं साधं पाणी सोडत राहा. हळद, टूथपेस्ट काही लावू नका.

निघताना आर मातीने झाकून सोडून जाऊ नका, आतला विस्तव सकाळपर्यंत जिवंत राहतो. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी. हात लावून गार लागेपर्यंत.

कळमना पहाटे
ठेचा विसरलात सगळे. हिरव्या मिरच्या २०० ग्रॅम, लसूण २ गड्डे, शेंगदाणे मूठभर. रोडगे फुफाट्यात गेले की बाजूच्या आरावर जाळी ठेवून मिरच्या भाजा, साल पांढुरकं होऊन फुगेपर्यंत. खलबत्त्यात मिठासोबत जाडसर ठेचा, वरून चमचाभर जवसाचं तेल. मिक्सरमध्ये लगदा होतो आणि लसूण कडवट लागतो.

निखारा
वाढताना रोडगे जाड सुती फडक्यात चार-पाच घेऊन फडकं घुसळा, राख आपोआप निघते. मग मुठीने फोडा, सुरीने नाही. सुरीने थर दबून चिकटतात. फोडल्या फोडल्या वाफ असतानाच तूप, आणि ते मुरल्यावर वरण. आधी वरण घातलं तर तूप वर तरंगत राहतं.

सांभारवडी
मनापासून आभार सगळ्यांचे. गोळाभात आणि आमरस काढले. शेवटचं: पाच-सहा उरले तर दुसऱ्या दिवशी काय करायचं?

गंजभर वरण
राख झटकून, न फोडता, टोपलीत फडक्यात ठेवा. बंद डब्यात घाम धरून बुरसतात. सकाळी फोडून हाताने चुरा, तव्यावर चमचाभर तुपात ५ मिनिटं परता, उतरवून बारीक किसलेला गूळ आणि वेलची. गूळ आचेवर घालू नका, पाक होऊन चुरा कडक होतो. सहा रोडग्यांना पाव किलो गूळ.